सावंतवाडीच्या लाकडी आंब्यापासून मेणबत्तीचा साचा

घरी सिलिकॉनचा साचा करायचा तर आधी नमुना ठरवा. माझी पसंती सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी आंब्याला. खोल खाचा नसतात, आणि वरच्या रंगामुळे लाकूड सिलिकॉन शोषत नाही. पण आजीने जपून ठेवलेला आंबा यासाठी काढू नका. नवा घ्या, साधारण ७ सेंमी उंच, ५ सेंमी जाड.

सिलिकॉन घेताना दुकानदाराला ते टिनचं की प्लॅटिनमचं, म्हणजे कोणत्या धातूच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं, हे विचारायलाच हवं. प्लॅटिनमच्या सिलिकॉनला गंधक चालत नाही. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले किंवा लेटेक्सचे हातमोजे लागले, तर ते तिथे घट्टच होत नाही, चिकट राहतं. म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणा, आणि आंब्याच्या बुडाला सिलिकॉन आणि हार्डनर (ते घट्ट करणारा भाग) यांचं थेंबभर मिश्रण लावून रात्रभर ठेवून बघा. आंब्यावरचा रंग सिलिकॉनला चालतो का, याचाही अंदाज तेव्हाच येतो.

आंबा उभा करायला १ सेंमीची बैठक लागते. पुढे साच्यात तिच्या जागी राहिलेल्या भोकातूनच मेण ओतायचं. ती खाली पक्की चिकटवा. लाकूड सिलिकॉनपेक्षा हलकं असतं. माझा पहिला आंबा सुटून वर आला आणि सगळं सिलिकॉन फुकट गेलं, फार जिवाला लागलं होतं. भोवती पुठ्ठ्याची पेटी, आंब्याच्या चारही बाजूंना आणि वर १ सेंमी जागा सोडून. म्हणजे ७ × ७ × ९ सेंमी. आंबा वजा जाता सुमारे ३४० मिली भरतं, वजनात पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. पावकिलोचा डबा पुरणार नाही, अर्धा किलो आणा. पेटीच्या कडा ग्लू गनने बंद करा. बारीक फटीतूनही सिलिकॉन वाहतं.

डिजिटल काटा हवाच, कारण हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तसंच, बहुतेक वेळा वजनाने, घ्यायचं. ओतताना एका कोपऱ्यातून, उंचावरून, बारीक धारेने. बुडबुडे कमी राहतात.

साचा उघडायला धारदार कटर लागेल. एका बाजूनेच, नागमोडी कापा, म्हणजे कडा पुन्हा नेमक्या जुळतात. वात ओवायला दाभण, साचा आवळायला रबरबँड. मेण शंभर ग्रॅम पुरे: आंब्यात साधारण ८५ ग्रॅम मावतं, उरलेलं निवल्यावर मधे पडणारा खड्डा भरायला. मेण गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. शेगडीजवळ मोठं झाकण ठेवा. मेणाने पेट घेतला तर गॅस बंद करून ते वर घाला, पाणी अजिबात नाही.