परदेशी कामाला जाताना: पैसे देण्याआधी काय तपासावे आणि तिकडे आपले हक्क कसे राखावेत

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फौंड्रीत काही वर्षे काढलेल्या वेल्डरला, फिटरला किंवा फेटलरला (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्याला) एखाद्या दिवशी आखाती देशातल्या नोकरीची विचारणा होते, आणि बहुतेक वेळा ती ओळखीच्याच माणसाकडून येते. तो गावातला असतो, भावकीतला असतो, किंवा तिकडे चार वर्षे राहून आलेला असतो. माणूस ओळखीचा म्हणून कागद मागायचा संकोच वाटतो आणि तपासणी राहून जाते. पुढे परदेशात जो त्रास भोगावा लागतो त्याचे मूळ बहुधा या संकोचात असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग घर सोडण्याआधीच्या कामांना दिला आहे. ही कामे जवळजवळ सगळी कोल्हापुरात बसून करता येतात आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही.

पहिले काम: पासपोर्ट आणि त्यावरचा शिक्का

कोल्हापुरात टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि ते पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. ३६ पानी साध्या पासपोर्टचे सरकारी शुल्क १,५०० रुपये आहे. अर्ज स्वतः ऑनलाइन भरता येतो. पासपोर्ट काढून देण्यासाठी कोणी यापेक्षा कितीतरी अधिक रक्कम मागत असेल, तर पुढचा व्यवहार कसा होणार याचा अंदाज तिथेच घ्यावा.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या अर्जदाराच्या पासपोर्टवर सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक) अशी नोंद येते. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, इराक, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्प्रवास संरक्षकाची, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची, मंजुरी घ्यावी लागते. मुंबईत हे कार्यालय आहे. ही मंजुरी म्हणजे कटकट, असे एजंट सांगतात. प्रत्यक्षात ती कामगाराच्या बाजूची तपासणी आहे, कारण मंजुरीच्या निमित्ताने नोकरी देणाऱ्याची नोंद, करार आणि विमा या तिन्ही गोष्टी सरकारी नजरेखालून जातात. दहावी झालेल्यांना ही मंजुरी लागत नाही, पण त्यामुळे त्यांच्या कागदांकडे कोणी पाहतही नाही. आयटीआय झालेल्या मुलांनी याच कारणासाठी पुढची तपासणी अधिक काळजीपूर्वक स्वतः केली पाहिजे.

ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० वर्षे असावे लागते (परिचारिकांना यातून सूट आहे) आणि घरकामासाठीची भरती सरकारने ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. ‘आम्ही वय जमवून घेतो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती कोणत्याही घरातली बाई सोपवू नये.

दुसरे काम: एजंट नोंदणीकृत आहे का, हे पाहणे

उत्प्रवास अधिनियम, १९८३ नुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केल्याशिवाय परदेशातल्या नोकरीसाठी माणसे भरती करता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदणी घेताना मोठ्या एजंटाला ५० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते, म्हणजे फसवणूक झाली तर सरकारच्या हाती काहीतरी असते. विनानोंदणी माणसाच्या बाबतीत असे काहीच हाती नसते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. एजंटाकडून परवाना क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घ्यावा, व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढावा आणि घरी येऊन तिन्ही गोष्टी यादीशी ताडून पाहाव्यात. नोंदणीची मुदत संपली आहे का किंवा ती निलंबित आहे का, हेही तिथे दिसते. खरी अडचण त्यानंतरची आहे. कोल्हापुरात समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा स्वतः एजंट नसतो, मुंबईतल्या कोण्या एजंटासाठी माणसे गोळा करणारा सब-एजंट असतो, आणि कायद्यात अशा सब-एजंटाला जागा नाही. तो दाखवतो तो परवाना दुसऱ्याचा असतो. अशा वेळी परवान्यावरच्या कंपनीच्या यादीतल्या क्रमांकावर स्वतः फोन करून, अमुक देशातल्या अमुक कंपनीची भरती तुमच्याकडे सुरू आहे का आणि कोल्हापुरात हा माणूस तुमच्या वतीने बोलतो का, हे विचारावे. स्टेशन रोडवरच्या एखाद्या लॉजचा हॉल भाड्याने घेऊन एका दिवसात ‘इंटरव्ह्यू’ उरकणाऱ्यांना हा एकच प्रश्न जड जातो. आणि त्या हॉलमध्ये मूळ पासपोर्ट जमा करण्याचा आग्रह झाला, तर फक्त झेरॉक्स द्यावी.

थायलंडमध्ये किंवा कंबोडियात ‘डेटा एंट्री’ची नोकरी, इंग्रजी जुजबी चालेल, पगार भरघोस, असा निरोप टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर आला तर विशेष सावध राहावे. अशा नोकऱ्यांच्या नावाखाली नेलेल्या तरुणांना म्यानमारच्या सीमाभागात कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते, आणि मार्च २०२५ मध्ये तिथून सुटका झालेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली आणि महिनोन्महिने नोकरी शोधणारी शिकलेली मुले या जाळ्यात अधिक सापडतात, म्हणून आई-वडिलांनीही हे लक्षात ठेवावे.

तिसरे काम: पैसे किती आणि कसे द्यावेत

नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये सेवाशुल्क घेता येते, आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. व्हिसाचे म्हणून दीड लाख, तिकिटाचे वेगळे, ‘वरच्या साहेबाचे’ वेगळे, अशी मागणी झाली तर ती कायद्यात बसत नाही.

रोख देऊ नये. बँकेतून किंवा यूपीआयने, कंपनीच्या नावाच्या खात्यावरच द्यावेत आणि सब-एजंटाच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यावर पैसे टाकायला स्पष्ट नकार द्यावा. पुढे पोलिसांत जायची वेळ आली तर बँकेचा उतारा हाच सगळ्यात बोलका पुरावा ठरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेत गहाण टाकून किंवा पतसंस्थेत घरातले सोने तारण ठेवून उभारलेल्या कर्जावर माणूस जाऊ नये. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला कामगार पगार कमी मिळाला तरी परत येऊ शकत नाही, आणि हे तिकडच्या वाईट मालकाला पक्के ठाऊक असते.

चौथे काम: तीन कागद एकमेकांशी जुळवणे

सगळ्या लेखातले एकच काम करायचे झाले तर ते हे करावे. नोकरीचा करार, व्हिसा आणि (ईसीआर पासपोर्ट असेल तर) उत्प्रवास मंजुरी हे तीन कागद टेबलावर शेजारी ठेवावेत आणि नोकरी देणाऱ्याचे नाव, आपला हुद्दा आणि पगार या गोष्टी ज्या ज्या कागदावर आहेत तिथे सारख्या आहेत का, हे बोट ठेवून वाचावे. करारात वेल्डर आणि व्हिसावर ‘क्लीनर’ असेल, तर तिकडे वेल्डरचा पगार मागायला कागदाचा आधार उरत नाही. ‘हे फक्त कोट्यासाठी आहे, तिकडे गेल्यावर बदलतो’ हे उत्तर मान्य करू नये. व्हिजिट व्हिसावर पाठवून नंतर कामाचा व्हिसा करून देण्याची भाषाही तशीच धोक्याची, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणे तिकडे गुन्हा ठरतो आणि पकडला जातो तो कामगार. ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ असा कोणताही व्हिसा कोणत्याही सरकारने काढलेला नाही. त्यात कागदावरचा मालक एक असतो आणि काम दुसरीकडे शोधायचे असते, म्हणजे पहिल्या दिवसापासून माणूस बेकायदा ठरतो.

पगाराच्या ओळीकडे आणखी बारकाईने पाहावे. एकूण आकडा पाहून समाधान मानू नये; मूळ पगार, म्हणजे ‘बेसिक’, किती आणि भत्ते किती हे वेगळे लिहिलेले असले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. समजा दोन कंपन्या महिना १,८०० दिरहमच देतात, पण पहिलीचा बेसिक ९०० आहे आणि दुसरीचा १,४००. पाच वर्षांनी पहिल्या कंपनीकडून ३,१५० दिरहम हाती येतील, दुसरीकडून ४,९००. ओव्हरटाइमही तिथे मूळ पगारावरच मोजला जातो. याशिवाय कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, राहणे-जेवण कोणाचे, परतीचे तिकीट कोण देणार आणि कराराची मुदत किती, हे वाचावे. अमिरातीच्या कामगार मंत्रालयाचे ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीतही मिळू शकते, तेव्हा ते हिंदीतून मागावे.

व्हिसाची प्रत विमानतळावर हातात पडणार असेल तर निघू नये. ती काही दिवस आधी घरी आली पाहिजे.

पाचवे काम: मेडिकल, विमा, प्रशिक्षण

आखाती देशांसाठीची वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी. करार आणि व्हिसाचा पत्ता नसताना आधी मेडिकलचे पैसे भरायला लावणारा एजंट टाळावा.

प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये इतका आहे, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ईसीआर कामगारांना तो सक्तीचा आहे. पॉलिसी काढली जाते, पण तिची प्रत एजंटाच्या फाइलमध्येच राहते आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो. म्हणून प्रत मागून घ्यावी, वारसाचे नाव बरोबर आहे का हे पाहावे आणि ती घरी ठेवावी. सरकारमान्य केंद्रांत निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मोफत प्रशिक्षणही असते. ते चुकवू नये.

घरात एक फाइल करून पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा, पावत्या, एजंटाचा परवाना आणि तिकडच्या कंपनीचा पत्ता यांच्या प्रती घरच्या एका जबाबदार माणसाकडे ठेवाव्यात, आणि त्यांचे फोटो स्वतःच्या ई-मेलवरही पाठवून ठेवावेत, कारण फोन हरवतो किंवा काढून घेतला जातो.

तिकडे पोहोचल्यावर

पोहोचताच दुसरा करार पुढे केला गेला तर आधी त्याचा फोटो घ्यावा आणि पहिल्या कराराशी ताडून पाहावा. न कळणाऱ्या भाषेतल्या कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नये. पासपोर्ट मालकाने ठेवून घेण्याची रीत सर्रास असली तरी अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने कामगाराची कागदपत्रे अडकवून ठेवायला मनाई केली आहे, आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि मार्च २०२१ पासून १,००० रियाल किमान वेतन लागू केले. राहणे-जेवण कंपनी देत नसेल तर त्यासाठी ५०० आणि ३०० रियाल वेगळे द्यावे लागतात.

उन्हाळ्यात उघड्यावरचे काम भर दुपारी बंद ठेवणे हा कायदा आहे, मालकाची मेहरबानी नव्हे. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात साडेबारा ते तीन, कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते साडेतीन काम थांबवावे लागते. राहण्याच्या जागेकडेही पहिल्याच दिवशी लक्ष द्यावे. जून २०२४ मध्ये कुवेतमधल्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीयांचा जीव गेला. बाहेर पडण्याचा जिना कुठे आहे, छताकडचे दार कुलूपबंद आहे का, हे आधी पाहून ठेवावे.

पगार बँकेतूनच घ्यावा आणि रोज किती तास काम केले ते वहीत तारखेनिशी लिहावे.

अडचण आल्यास

पगार थकला तरी चिडून काम सोडून निघून जाऊ नये. मालक ‘कामगार पळून गेला’ अशी तक्रार नोंदवू शकतो (सौदीत तिला ‘हुरूब’ म्हणतात), आणि मग थकलेला पगार बाजूला राहून कामगारच आरोपी होतो. आधी भारतीय दूतावासाला आणि तिथल्या कामगार खात्याला कळवावे. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा भारतातला टोल फ्री क्रमांक १८००-११-३०९० आहे आणि ‘मदद’ या सरकारी पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. त्यातून गरजू कामगाराची तात्पुरती राहण्याची सोय, परतीचे तिकीट, कायदेशीर मदत आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्च होऊ शकतो. मृत्यूच्या प्रसंगी घाईत कोणत्याही ‘हिशेब पूर्ण मिळाला’ अशा कागदावर घरच्यांनी सही करू नये.

एजंटाने इथेच फसवले असेल तर कोल्हापुरात पोलिसांत तक्रार द्यावी आणि तिची प्रत मुंबईच्या उत्प्रवास संरक्षकाकडे पाठवावी. विनानोंदणी भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८३ च्या कायद्यानुसार खटल्यासाठी एरवी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, पण तक्रार स्वतः कामगाराची असेल, किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांपैकी कोणी केली असेल, तर ती लागत नाही. त्यामुळे मुलगा तिकडे अडकलेला असताना आईलाही घरातली ती फाइल घेऊन जाता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर साहाय्यासाठी अर्ज करावा. त्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे.