भीतीत देवावर भाव ठेवताना या चुका टाळा

इंदूरला आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना हिंदीत चालते, पण घाबरलं की मराठी माणूस देवाला मराठीतच हाक मारतो. दवाखान्यात भेटीला जाणाऱ्या गटात मी बरीच वर्षं आहे. त्याच त्या चुका पाहून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

डोळे मिटून बायबल उघडणं

डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखाली येईल ते वचन, म्हणजे ते वाक्य, देवानं मलाच दिलंय म्हणायचं. नव्या वर्षाच्या उपासनेत चिठ्ठीवर वचन काढतात ना, बहुधा तिथूनच ही खोड लागते. चिठ्ठी हौसेपुरती ठीक. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत असताना मुळीच ठीक नाही.

परदेशीपुऱ्यातला एक मुलगा. आईच्या मानेत गाठ, रिपोर्ट यायचा होता. मध्यरात्र उलटल्यावर त्याचा फोन. "मावशी, देवानं सांगितलं, आई जाणार."

कुठे सांगितलं? तर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 38वा अध्याय, पहिलं वचन. हिज्कीया राजा मरणाला टेकलाय आणि यशया येऊन सांगतो, घराची निरवानिरव कर, तू काही वाचत नाहीस. पोरानं तेवढंच वाचून बायबल मिटलं होतं. म्हटलं, "उघड परत, मोठ्यानं वाच, मी ऐकतेय." दुसऱ्या वचनात राजा भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो. तिसऱ्यात ढसाढसा रडतो. पाचव्यात देव त्याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढवतो. 21व्या वचनाशी आला आणि अडखळला, कारण तिथे यशया राजाच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगतो. "मावशी, हे तर औषध झालं." झालंच की.

इथे थांबला असता तर बरं होतं. पण पुढच्याच घरसभेत पठ्ठ्या उभा राहिला आणि देवानं आईला 15 वर्षं दिल्याची साक्ष देऊन मोकळा झाला! आदल्या वेळी पहिलं वचन उचललं, आता पाचवं. हिज्कीयाची वर्षं हिज्कीयाला मिळाली, ती तुमच्या नावावर चढत नाहीत. आई मात्र पक्की. पलंगावरूनच म्हणाली, "पंधरा वर्षांचं मग बघू, उद्या डबा वेळेवर आण." गाठ साधी निघाली नाही. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार चालू आहेत.

माझी स्वतःची रीत सांगते. भीतीचे दिवस असले की एकच अध्याय घ्यायचा, पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत, आणि रोज तोच वाचायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो बोलायला लागतो. नव्या लोकांना एवढा धीर नसतो. त्यांना पाच मिनिटांत उत्तर हवं, तेही हो किंवा नाही.

भीती वाटली म्हणजे विश्वास गेला असं समजणं

ही दुसरी चूक, आणि ती पसरवण्यात आमच्यासारख्या जुन्या लोकांचा वाटा मोठा. पेशंट "भीती वाटते" म्हणाला रे म्हणाला की कुणीतरी लगेच, "असं बोलू नये, विश्वास ठेवा." मग तो गप्प बसतो आणि रात्रभर एकटाच छताकडे बघत राहतो.

बायबलमधलं स्तोत्र 56 काढा. मला भीती वाटते तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवतो, असं दावीद राजा म्हणतो. भीती गेल्यावर ठेवीन, असं नाही. आणि हे स्तोत्र कुठलं? पलिष्ट्यांनी, म्हणजे शत्रूंनी, त्याला त्यांच्या गथ नगरात धरलं तेव्हाचं, असं मथळ्यातच दिलंय. 1 शमुवेल 21 मध्ये त्याचा तिथला अवतार बघा: आखीश राजाच्या भीतीनं वेड्याचं सोंग घेतलेलं, दाढीवर लाळ गळतेय, वेशीच्या दारावर नखांनी ओरखडे. तरी भाव ठेवणाऱ्यांत त्याचंच नाव आपण आधी घेतो.

आणि गेथशेमाने, येशूनं धरला जाण्याआधी प्रार्थना केली ती जागा? प्रभूनं पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना जवळ घेतलं, जीव मरणप्राय कासावीस झालाय हे सरळ सांगितलं, जागे राहा म्हणाला. ते झोपले ती गोष्ट वेगळी. प्रभू लपवत नाही, तर तुम्ही कुणासाठी लपवताय? दोन-तीन भरवशाची माणसं निवडा आणि आहे तसं सांगा. सगळ्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची मात्र गरज नाही.

प्रार्थना गोड शब्दांतच व्हायला हवी असंही काही नाही. वादळात शिष्यांनी येशूला उठवलं ते चक्क तक्रार करून, आम्ही बुडतोय त्याची तुला काही पर्वा आहे का? मार्काच्या 4थ्या अध्यायात तो आधी वाऱ्याला धमकावतो, मग त्यांची कानउघाडणी करतो. क्रम लक्षात ठेवा.

बाकीच्या, भराभर

गोळ्या बंद करून "आता विश्वासानं" म्हणणं. वर अंजीर सांगितलंय. पुन्हा सांगणार नाही.

स्तोत्र 91 लॅमिनेट करून उशीखाली ठेवणं. जरूर वाचा, पण मत्तय 4 मध्ये तेच स्तोत्र सैतान येशूला ऐकवतो आणि त्याला काय उत्तर मिळतं, तेही वाचा.

"बायबलमध्ये 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे" हा फॉरवर्ड. मोजून बघितलंय का कुणी? तेवढे भरत नाहीत. एकदा म्हटलेलंही पुरतं.

आई बरी झाली तर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देवाला देईन, असा सौदा. दशांश तसाही द्यायचाच होता.

उपाशी, जागरणं करून प्रार्थना रेटणं. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं पळाला आणि झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. 1 राजे 19. राजवाड्यावरून पोहे आणा, पोटभर खा, मग गुडघे टेका.

पेशंटच्या उशाशी बसून "आमच्या नात्यातल्या एकांनाही हेच झालं होतं" सुरू करणं. ते नातेवाईक वाचले असले तरी नको.

आणि पाळकसाहेबांना, म्हणजे आपल्या पाद्रींना, रात्री दोनलासुद्धा फोन करा, ते उठतील, प्रार्थना करतील. फक्त रिपोर्टचा फोटो पाठवून "यात काय लिहिलंय" विचारू नका. ते सकाळी डॉक्टरांना विचारा.