पाच वर्षांच्या आत पीएफ काढताय? या चुका टाळा

कंपनी सुटली की दोन महिने थांबायचं आणि पीएफ काढून मोकळं व्हायचं, हा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधला रिवाजच झालाय. कार्बन नाक्यापासून एक्सएलओ पॉइंटपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांवर ‘पीएफ काढून मिळेल’ असे बोर्ड दिसतात. मिळतो हे खरं. पण त्यातला किती हातात पडणार आणि बाकीचा कुठे अडकणार, हे दुकानदार सांगत नाही. त्याला क्लेम टाकण्याचे पैसे मिळालेले असतात, त्याचं काम तिथेच संपतं.

नियम अगदी थोडक्यात: सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत पीएफ काढला, तर ती रक्कम करपात्र. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर भविष्य निधी (पीएफ) कार्यालय १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापूनच पैसे पाठवतं. खात्याला पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. ५०,००० च्या आत असेल तर कापत नाहीत. पण कापला नाही म्हणजे कर माफ झाला, असं नाही.

पाच वर्षं मोजायची कशी, हेच माहीत नसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती करतात शिकलेली मुलं. पाच वर्षं एकाच कंपनीत काढावी लागतात असा समज आहे. तो चुकीचा आहे. आधीच्या कंपनीतली नोकरीही धरतात, पण तिथली शिल्लक नव्या खात्यात ट्रान्सफर केलेली असेल तरच.

नेहमी दिसणारी केस बघा. मुलगा आयटीआय करून अंबडला लागला, २ वर्षं ४ महिने. मग सातपूरला १ वर्ष ९ महिने. मग सिन्नरला १ वर्ष ६ महिने. एकूण ५ वर्षं ७ महिने. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच, पण त्याखाली मेंबर आयडी (प्रत्येक कंपनीचं वेगळं खातं) तीन, आणि त्यांत अनुक्रमे १,०५,०००, ७४,००० आणि ६१,००० रुपये. यूएएन एक आहे म्हणजे खातंही एक झालं, असं त्याने गृहीत धरलेलं. दुकानात बसून तिन्ही आयडींवर वेगवेगळे क्लेम टाकले. तिन्ही ठिकाणी नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी, तिन्ही रकमा ५०,००० च्या वर. २,४०,००० मधले २४,००० कापले गेले. आधीच्या दोन रकमा तिसऱ्यात ट्रान्सफर करून मग क्लेम टाकला असता, तर एक रुपया कापला नसता. फरक फक्त थोडं थांबण्याचा होता. पण थांबायचं कुणाला असतं!

याहून वाईट म्हणजे दर वेळी ठेकेदार बदलला की पीएफ काढणारे. पैसे काढले की त्या नोकरीची वर्षं गेली, मोजणी पुन्हा शून्यापासून. अशा माणसाची दहा वर्षं नोकरी झाली तरी कराच्या हिशेबात पाच कधीच भरत नाहीत. दोन नोकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांनी मात्र मोजणी तुटत नाही. ते महिने धरले जात नाहीत, एवढंच.

म्हणून क्लेमच्या आधी पीएफच्या पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडा. प्रत्येक आयडीसमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आहे का ते पाहा. सोडल्याची तारीख नसेल तर जुन्या कंपनीच्या एचआरमागे फिरत बसू नका. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ‘मार्क एक्झिट’मध्ये आधार ओटीपीने ती स्वतः टाकता येते. पण ती एकदा टाकली की बदलता येत नाही. पासबुकात शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा आहे ते बघून त्याच महिन्यातली खरी तारीख टाका, अंदाजाने नको. जुन्या कंपनीची शेवटची तारीख नव्या कंपनीच्या पहिल्या तारखेच्या पुढे गेली, तर नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि ट्रान्सफर अडतं. मग ‘वन मेंबर वन ईपीएफ’मधून ट्रान्सफर टाका, पासबुकात रक्कम आलेली डोळ्यांनी बघा, आणि त्यानंतरच पैसे काढायचा विचार करा.

कंपनीच बंद पडली, किंवा आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली, म्हणजे कारण तुमच्या हातात नव्हतं, तर पाच वर्षांची अट लागत नाही. पण ते कागदावर हवं. बंद होणाऱ्या कंपनीतून निघतानाच पत्र मागून घ्या. शटरला कुलूप लागल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.

१५जी भरला की कर वाचतो

वाचत नाही. टीडीएस थांबतो, तेही तुम्ही पात्र असाल तर. ज्याला सगळे १५जी म्हणतात, ते टीडीएस कापू नये म्हणून द्यायचं घोषणापत्र आहे (मार्च २०२६ पर्यंत साठीच्या आतल्यांसाठी १५जी आणि वरच्यांसाठी १५एच असे दोन फॉर्म होते). त्यात तुम्ही लिहून देता की वर्षभराच्या एकूण उत्पन्नावर माझा कर शून्य येतो. शिवाय साठीच्या आतल्यांची काढायची रक्कम मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावी लागते. नव्या करप्रणालीत ही मर्यादा आता ४ लाख आहे, जुनीत साठीच्या आतल्यांना अडीच लाख.

दुकानात काय होतं? ‘अंदाजे उत्पन्न’ विचारलंय तिथे दुकानवाला मनाला येईल तो आकडा टाकतो आणि सही तुमची असते. वर्षाला आठ-नऊ लाख पगार घेणारा इंजिनिअरही बिनधास्त १५जी जोडतो. खोटी घोषणा हा आयकर कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पगार व पीएफ दोन्ही एकाच पॅनवर दिसतात. असला शॉर्टकट सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. घोषणापत्र स्वतः भरा, पॅन तपासा, आणि पात्र नसाल तर टीडीएस कापू द्या. कापलेला पैसा बुडत नाही.

टीडीएस कापला म्हणजे विषय संपला

इथे दोन टोकांची माणसं फसतात. पहिला कमी पगाराचा. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे वरच्या मुलाचे २४,००० बहुधा पूर्ण परत मिळतील, पण रिटर्न भरलं तरच. ‘आपल्याला कुठे कर लागतो’ म्हणून तो रिटर्न भरत नाही आणि पैसे सरकारकडेच राहतात. रिटर्नआधी २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून टीडीएसची नोंद आली का ते बघा.

दुसरा ३० टक्क्यांच्या टप्प्यातला. त्याचे १० टक्के कापले, बाकीचा कर त्यानेच भरायचा असतो. तो विसरतो, आणि मग अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत भरायचा कर) न भरल्याबद्दल महिन्याला १ टक्का व्याज चढतं.

रिटर्नमध्ये अख्खी रक्कम एका ओळीत टाकायची नसते, तिचे चार भाग होतात. कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगारात. तुमच्या हिश्शावरचं व्याज ‘इतर उत्पन्ना’त. तुमचा स्वतःचा हिस्सा मात्र त्यावर ८०सीची (बचतीवरची) वजावट घेतली होती तेवढाच करपात्र. नव्या प्रणालीत असाल तर ती वजावट नव्हतीच, मग तो हिस्सा उत्पन्नात कशाला धरायचा? घाईघाईने रिटर्न भरणारे सल्लागारसुद्धा इथे सगळंच करपात्र धरतात. पासबुकाची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा.

बाकीच्या, झटपट

आधार, पॅन आणि पीएफ खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळत नसेल, तर क्लेम टाकण्यात अर्थ नाही. आधी नाव दुरुस्त करा.

नोकरी सुटल्यावर खात्यात जमा होणारं व्याज करपात्र असतं, पाच वर्षं पूर्ण झालेल्यांनाही.

फॉर्म १९ (पीएफ पूर्ण काढण्याचा अर्ज) सोबत डोळे झाकून फॉर्म १०सी टाकू नका. तो पेन्शनचा पैसा आहे. साडेनऊ वर्षं झाली की दहा धरली जातात आणि ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क लागतो. आठ-नऊ वर्षं नोकरी झालेल्याने किरकोळ रकमेसाठी तो सोडणं हा शुद्ध वेडेपणा. पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठीची वर्षं जपणारं प्रमाणपत्र) घ्या.

पीपीएफ (बँक-पोस्टात स्वतः उघडायचं भविष्य निधी खातं) वेगळा. तिथे कर नाही, पण पाच आर्थिक वर्षांनंतर ठरावीक कारणांसाठी मुदतीआधी बंद केला तर व्याज १ टक्क्याने कमी धरतात.

आणि खर्च एकच असेल, दवाखाना किंवा पोरीची फी, तर खातं बंद कशाला करता? फॉर्म ३१ ने अॅडव्हान्स (खात्यातली थोडी रक्कम) घ्या, नोकरीची वर्षं शाबूत राहतात. १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे नियम सोपे करायला मंजुरी दिली: तेरा तरतुदींच्या जागी तीन गट, १२ महिन्यांची नोकरी पुरे, २५ टक्के शिल्लक खात्यात राहणार. त्याच बैठकीत नोकरी सुटल्यावर खातं पूर्ण रिकामं करण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिन्यांवर न्यायचं ठरलं. तेव्हा दुकानवाला अजून ‘दोन महिने’च सांगत असेल, तर आधी पोर्टलवर लॉगिन करून तुमच्या क्लेमला आज काय लागू आहे ते बघा.