आगोटीची कामं काढलीच आहेत तर गाडीचा टेल लाईट पण काढा

मिरगाआधी आपण कौलं बघतो, लाकडं आत घेतो, पण गाडीचे मागचे लाईट कोणी काढून बघत नाही. रत्नागिरी, गुहागर, मालवण पट्ट्यात खारं वारं त्या लाईटच्या मागे शिरतं, वायरच्या कनेक्टरमधल्या पिना हिरव्या पडतात आणि मग आंबा घाटात धुकं असताना मागून येणाऱ्याला आपला ब्रेकच दिसत नाही, म्हणून हे मनापासून सांगतोय.

चावी काढा, लाईट बंद, बल्ब गार होऊ दे. बहुतेक हॅचबॅकला डिकी उघडली की लाईटच्या आतल्या कडेला दोन बोल्ट दिसतात, कधी त्यावर प्लास्टिकची टोपी असते. सेडानला बरेचदा डिकीतलं कार्पेट बाजूला करून आतून नट सोडावे लागतात. शक्यतो १० चा पाना लागतो, काही गाड्यांना फुलीचा स्क्रू ड्रायव्हर. आपल्याकडे बोल्ट गंजलेले असणारच, तेव्हा जोर लावू नका, डब्ल्यूडी-४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारा, १५ मिनिटं थांबा, मग आधी किंचित आवळून बघा आणि नंतर सोडा. खाली फडकं लावा नाहीतर बोल्ट बंपरच्या फटीत गेला की शोधत बसा.

आता खरी काळजी इथे. बाहेरच्या कडेला लाईट प्लास्टिकच्या पिनांवर अडकलेला असतो, तो दोन्ही हातांनी धरून सरळ मागे ओढायचा, बाजूला वाकवायचा नाही, ऊन खाऊन जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, पिन मोडली की अख्खा लाईट नवीन घ्यावा लागू शकतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू तर अजिबात नका, रंगाला ओरखडा गेला की समुद्राकाठी तिथे गंज धरलाच. हवं तर पत्र्यावर मास्किंग टेप लावून घ्या.

लाईट सुटला की कनेक्टरचं लॉक दाबून तो काढा, वायर धरून ओढू नका. बल्बचा होल्डर डावीकडे थोडा फिरवला की निघतो. टेल आणि ब्रेकचा एकच बल्ब असेल तर तो बहुतेक २१/५ वॅटचा, दोन फिलामेंटचा असतो, त्याच्या बाजूच्या पिना वरखाली असतात म्हणून एकाच बाजूने बसतो, जबरदस्ती करू नका. सीलबंद एलईडी असेल तर बल्बचा प्रश्नच नाही, फक्त कनेक्टर साफ करा.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटत असेल तर बल्ब बदलत बसू नका, बहुतेक वेळा अर्थिंग खराब असतं. कनेक्टरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) धुवा, हिरवं पडलेलं बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा, पूर्ण सुकलं की डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत शिरू न देणारं, वीज न वाहणारं ग्रीस) लावा. हे ग्रीस आपल्या हवेत लावायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

लाईटच्या मागचा फोम दबलेला किंवा फाटलेला असेल तर बदला, पाणी तिथूनच डिकीत येतं. पण लाईटला हवेसाठी बारीक भोकं असतात ती सिलिकॉनने बुजवू नका, आतली वाफ बाहेर पडायला तीच वाट आहे.

बसवताना आधी कनेक्टर लावा आणि घरच्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून टेल, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स सगळं बघून घ्या, मगच लाईटच्या प्लास्टिकच्या पिना जागेवर दाबा. बोल्ट हाताने लावून पान्याने बेताचाच आवळा, जास्त आवळला तर प्लास्टिक तडकतं. मग वरून दोन बादल्या पाणी ओता आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात हात घालून बघा, ओल लागली तर फोम परत नीट बसवा.