भेट देण्यासाठी घरी चौरंग करताना या चुका टाळा

स्वतःच्या हाताने केलेली वस्तू भेट देण्यात एक वेगळाच अभिमान असतो आणि तो असायलाही हवा. मात्र लाकडी वस्तूच्या बाबतीत तो अभिमान कितपत सार्थ आहे, हे देतानाच्या कौतुकावरून कळत नाही, ते त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कळते. सुतारकामाची हौस असलेले बरेच जण पहिली भेटवस्तू म्हणून चौरंग निवडतात. निवड योग्यच आहे: दीड फुटाचा चौरस फळा, चार ठेंगणे पाय, गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत वर्षभर उपयोग. परंतु एवढ्याशा वस्तूत फळा तडकणे, पाय डुगडुगणे, पॉलिश पांढरे पडणे अशा सगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि त्यांपैकी बहुतेकींचे मूळ करवत हातात घेण्याआधीच्या निर्णयांत असते.

श्रावणात आणलेले लाकूड

चौरंग गणपतीआधी द्यायचा म्हणून बहुतेकांना वखारीची आठवण आषाढ-श्रावणात होते. नेमकी हीच वेळ सर्वांत वाईट. लाकूड दमट हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत तो सोडून आकसते. हा बदल लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ होतच नाही, होतो तो रुंदीत. पावसाळ्यात कोकणातल्या उघड्या शेडखाली पडलेल्या सागात १६ टक्के ओलावा असणे नवलाचे नाही, आणि तोच साग चैत्रात मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या घरात ८ टक्क्यांवर, कधी त्याही खाली उतरतो. १८ इंच रुंदीच्या फळ्यात एवढ्या फरकामुळे पाव इंचापर्यंत, म्हणजे सुताराच्या हिशेबाने दोन सूत आकस येऊ शकतो. साग हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक मानले जाते, तरीही ही स्थिती आहे.

म्हणून लाकूड हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात घ्यावे आणि ज्या खोलीत काम करायचे तिथे मध्ये पातळ पट्ट्या घालून, हवा खेळेल असे आडवे रचून ठेवावे. वखारवाल्याच्या ‘एकदम सुका माल आहे’ या आश्वासनापेक्षा स्वयंपाकघरातला वजनकाटा अधिक भरवशाचा: एका तुकड्यावर तारीख आणि वजन लिहून दर आठवड्याला तो पुन्हा तोलावा आणि वजन उतरायचे थांबल्याखेरीज कापाकापी सुरू करू नये. जुन्या वाड्यांच्या पाडकामातून निघालेला साग मिळाला तर फारच उत्तम, कारण तो कित्येक ऋतू पाहिलेला असतो. मात्र त्यावर आधी लोहचुंबक फिरवावे, नाहीतर आत मोडून राहिलेला एखादा खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. फळीच्या कडेचा फिकट, पांढुरका भाग स्वस्त पडतो म्हणून घेण्याचा मोह टाळावा. वाळवीला तोंड देण्याचा सागाचा गुण त्याच्या गाभ्यात असतो, या कडेत नसतो, आणि बारीक भुगा पाडणारी कीड आधी इथेच शिरते.

फुकट मिळतात म्हणून मालवाहतुकीच्या पॅलेटच्या फळ्या वापरण्याची सध्या चाल आहे. त्यांवरचा शिक्का वाचल्याशिवाय त्या घरात आणू नयेत: ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर निदान ३० मिनिटे तापवलेले असते, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले असते. दुसऱ्या प्रकारचे लाकूड देवाच्या चौरंगालाच काय, कुंडीच्या स्टँडलाही घेऊ नये.

फळा पट्ट्यांना जखडून टाकणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आणि ती करणारा बहुधा मन लावून काम करणारा असतो. तीन-चार फळ्या जोडून केलेल्या फळ्याखाली दोन आडव्या पट्ट्या लावताना त्या हलू नयेत म्हणून तो सबंध पट्टीला फेविकॉल फासतो, वरून दर तीन इंचांवर स्क्रू पिळतो आणि काम भक्कम झाले म्हणून निश्चिंत होतो. आता फळ्याच्या रेषा एका दिशेला आणि पट्टीच्या रेषा तिला आडव्या. उन्हाळ्यात फळा रुंदीत आकसू पाहतो, पट्टी आपल्या लांबीत तसूभरही आकसत नाही आणि स्क्रूंनी दोन्ही कडांना धरून ठेवलेल्या फळ्याला मधोमध फाटण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लाकूड खराब निघाले, असा दोष मग वखारीला दिला जातो.

उपाय सोपा आहे, पण तो अगोदर करावा लागतो. पट्टीला फळ्याशी सरस लावू नये. मधला स्क्रू नेहमीसारखा गोल भोकात घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत फळ्याच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोके पाडावीत. स्क्रूच्या दोन्ही बाजूंना एकेक सूत मोकळी जागा पुरते. डोक्याखाली वॉशर घालून स्क्रू घट्ट बसेपर्यंतच फिरवावा, लाकडात रुतेपर्यंत पिळू नये. अशा रीतीने फळा सपाट राहतो आणि त्याला सरकायलाही वाव मिळतो. शोभेसाठी फळ्याभोवती चारही बाजूंनी चौकट चिकटवण्याची हौस असेल, तर हीच अडचण उलट दिशेने येते: उन्हाळ्यात घट्ट बसवलेली चौकट पावसाळ्यात फुगणारा फळा कोपऱ्यांतून उघडून टाकतो.

ज्यांना हा सगळा हिशेब नको असेल, त्यांनी वरचा फळा १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचा करून कडांना सागाची पट्टी लावावी. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते रुंदीत नगण्य हलते. अभिषेकाचे पाणी सांडणारच, म्हणून आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घ्यावे. प्लायवूड वापरले म्हणजे भेट हलकी झाली असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. तडकलेल्या अस्सल सागापेक्षा शाबूत प्लाय केव्हाही बरे.

सांध्यांबद्दल थोडक्यात. फळीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे जिथे रेषांची तोंडे दिसतात तिथे, स्क्रूची पकड कमकुवत असते. म्हणून पाय जोडताना जमेल तर पायात खाच आणि आडव्या पट्टीला कुसू, म्हणजे त्या खाचेत बसणारे टोक, करावे, आणि कुसू हाताच्या दाबाने आत जाईल इतकेच घट्ट ठेवावे, हातोडीने ठोकून बसवावे लागेल इतके नको. साग अंगचा तेलकट असल्यामुळे रंधा मारल्यानंतर लगेच, किंवा पृष्ठभाग थिनरने पुसून सरस लावावा. सांधा रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवावा.

डुगडुगणारा चौरंग

चौरंग डुगडुगतो असे दिसताच एक पाय थोडा कापायचा, मग दुसरा लांब वाटतो म्हणून तो कापायचा, हा प्रकार लोणी वाटणाऱ्या माकडाच्या न्यायासारखा आहे. शेवटी हातात पाट उरतो. आधी दोष नेमका कुणाचा ते ठरवावे. चौरंग जागेवरच पाव फेरा फिरवून पाहावा. डुगडुगणारा कोपरा चौरंगाबरोबर फिरला तर पायांत दोष आहे, आणि तो खोलीच्या त्याच बाजूला राहिला तर फरशी असमान आहे. घरातल्या लाद्या वाटतात तितक्या सपाट नसतात, म्हणून खरी परीक्षा ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा जाड काचेवर घ्यावी.

पायच चुकले असतील, तर चौरंग ओट्यावर ठेवून अधांतरी असलेल्या पायाखाली पत्त्यांचे किंवा कागदाचे तुकडे सारून तो स्थिर करावा आणि फळा चारही कोपऱ्यांवर ओट्यापासून सारख्या उंचीवर आल्याची पट्टीने खात्री करावी. मग एका सपाट ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून, तो ठोकळा ओट्यावरूनच सरकवत प्रत्येक पायाच्या चारही बाजूंना रेघ ओढावी. या रेघा ओट्याला समांतर असल्यामुळे चारही पाय तिथे कापले की बैठक एका पातळीत येते. पेन्सिल सर्वांत आखूड पायाला जेमतेम स्पर्श करील इतकीच उंच ठेवावी, म्हणजे लाकूड कमीत कमी जाते. शेवटी पायांच्या खालच्या कडा पॉलिश पेपरने किंचित गोल कराव्यात, नाहीतर चौरंग ओढताना त्यांचे टवके निघतात.

पॉलिशची घाई

पॉलिश पेपर ८० नंबरवरून थेट २२० वर नेल्यास खोल ओरखडे तसेच राहतात आणि ते पॉलिशचा पहिला हात फिरेपर्यंत दिसत नाहीत. १२० आणि १८० हे टप्पे गाळू नयेत, घासणे रेषांच्या दिशेनेच करावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्च फळ्याला जवळजवळ टेकवून तिरकी धरावी. दिवसा न दिसलेली एकूण एक चूक त्या उजेडात दिसते. सांध्यातून बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पसरवून पुसल्यास तिथे लाकूड पॉलिश पीत नाही व फिकट डाग उरतात. तो रबरासारखा घट्ट होईपर्यंत थांबून पटाशीने खरवडावा. सागाची धूळ काहींच्या त्वचेला व नाकाला बाधते, तेव्हा मास्क लावावा.

स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश दिसायला देखणे असते, परंतु पावसाळी हवेत लावल्यास ओलावा आत अडकून त्यावर दुधाळ झाक येते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवल्यास ती बहुधा जाते. मात्र पूजेच्या चौरंगावर पाणी, समईची धग आणि गरम नैवेद्याचे पातेले या तिन्ही गोष्टी येणार असल्याने लाख तिथे फार टिकत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश किंवा बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे पातळ हात अधिक सोयीचे पडतात. काहीही लावले तरी ते पूर्ण वाळल्याशिवाय चौरंग देऊ नये. उघड्या लाकडात शिरलेला हळदीचा डाग सहजी निघत नाही.

जवसाचे तेल वापरणाऱ्यांनी एक धोका मुळीच दुर्लक्षू नये. हे तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते आणि त्यात भिजलेले फडके चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकल्यास ते आपोआप पेट घेऊ शकते. फडकी बाहेर मोकळ्या जागी एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

घेणाऱ्याच्या घराचा विचार

मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, लोक स्वतः घड्या घालून केलेल्या कागदी वस्तूंना तज्ज्ञांच्या वस्तूंइतकेच मोलाचे समजतात, तर त्रयस्थांना त्याच वस्तूंची फारशी किंमत वाटत नाही. आणि काम अपुरे राहिले तर करणाऱ्यालाही ते वाढीव मोल वाटेनासे होते. घरी स्वतः जोडायचे फर्निचर विकणाऱ्या आयकिया कंपनीवरून या प्रवृत्तीला ‘आयकिया परिणाम’ असे नाव पडले आहे. भेट देणाऱ्याला याचा व्यवहारी उपयोग असा की, चौरंग देण्याआधी तो कामाशी संबंध नसलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा आणि तिने कुठे बोट ठेवले ते बघावे.

भेट गुपित ठेवण्याच्या नादात मापे न घेणे हीदेखील नेहमीची चूक आहे. फ्लॅटमधले देवघर एक फूट खोल असले, तर दीड फुटाचा चौरंग पलंगाखाली जातो. मापे उघडपणे विचारावीत. आनंद त्याने कमी होत नाही. परदेशी पाठवायचा असेल, तर हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या घरांतली हवा विदर्भातल्या उन्हाळ्यासारखी कोरडी होते हे ध्यानात घेऊन प्लायवूडचाच फळा करावा, आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला नेताना लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते हे नेणाऱ्याला सांगून ठेवावे. स्वतःचे नाव, वर्ष, लाकूड आणि पॉलिशचा प्रकार फळ्याच्या खालच्या बाजूला लिहावा. पुढे कुणाला डागडुजी करायची झाल्यास ही माहिती उपयोगी पडते, आणि दर्शनी भागावर देवाच्या पुढ्यात आपली सही शोभत नाही.

चीर पडलीच तर

फळ्याला चीर गेल्याचे कळले, की त्यात भुसा आणि सरस भरून वरून पॉलिश मारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने चीर दिसेनाशी होते, पण कारण तसेच राहते आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी चीर पडते. त्याऐवजी चीर सर्वाधिक उघडलेली असते त्या होळीच्या सुमारास चौरंग परत मागून घ्यावा आणि खालच्या पट्ट्यांचे सगळे स्क्रू काढावेत. फळा मोकळा झाल्यावर चीर पुष्कळदा क्लॅम्पच्या हलक्या दाबाने मिटते. मग तिच्यात पातळ पात्याने सरस सारून ती रात्रभर दाबून ठेवावी. मिटत नसेल तर त्याच लाकडाची, रेषा फळ्याच्या दिशेने असलेली बारीक कामटी सरस लावून चिरेत बसवावी आणि वाळल्यावर रंध्याने सपाट करावी. पट्ट्या पुन्हा लावताना कडेची भोके लांबट करून घ्यावीत, आणि आधी त्या चिकटवलेल्या असतील तर पटाशीने जुना सरस पूर्ण खरवडल्याखेरीज एकही स्क्रू परत बसवू नये.