गोधडीची पिशवी: गावाला निघण्याआधीची तयारी

ठाण्याहून कणकवलीला आमच्या वर्षातून तीन-चार खेपा होतात. गणपतीची एक, मे महिन्याची एक, आणि सासूबाईंची तब्येत बघायला मधली एखादी. उरलेल्या दिवसांत नोकरी, दोन मुलांची शाळा, डबे, पाहुणे. गोधडीला बसायला सलग दुपार मिळेल म्हणून मी कितीतरी वर्षं वाट पाहिली आणि चिंध्यांचं बोचकं माळ्यावरच राहिलं. मग एकदा मिळालेला तास कुठे गेला ते नीट आठवून पाहिलं. चाळीस मिनिटं शोधाशोध, इस्त्री आणि कापणं यातच सरली होती. सुई हातात आली तेव्हा कुकर लावायची वेळ झाली होती. तेव्हापासून ही कामं मी वेगळी केली. बेतणं एकदाच, घरी, मोकळ्या टेबलावर. शिवण मात्र जिथे बूड टेकायला मिळेल तिथे. बाळाचं एक दुपटं डोळ्यांसमोर ठेवून ही तयारी लिहिते आहे, कारण मोठ्या गोधडीने सुरुवात केली तर ती पुरी होईस्तोवर धीर सुटतो.

निघायच्या महिनाभर आधी बोचकं खाली काढा. सुती तेवढंच घ्या: जुन्या साड्या, मलमल, पॉपलीनचे परकर, वापरून मऊ झालेले सदरे. कापड कशाचं ते कळत नसेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावून पाहा, शेजारी पाण्याची वाटी असू द्या. सुती धाग्याला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर आकसतं आणि त्याचा कडक मणी होतो. जीर्ण कापडाचीही पारख करायची. दोन्ही हातांनी ताणल्यावर चर्र आवाज आला, तर ते वरच्या थराला नको, आत घाला. आणि ज्याचा कपडा त्याला विचारल्याशिवाय कात्री लावू नका. माझ्या मुलाचा एक विटका सदरा मी न विचारता कापला होता. तो काही बोलला नाही, पण ते तुकडे टेबलावर दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला, तो मला अजून दिसतो.

रंग जाणारं कापड आधी वेगळं करा. पांढरा फडका ओला करून कापडावर जोरात चोळायचा. फडक्याला रंग लागला, तर ते कापड पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं, आणि तरी थांबत नसेल तर सोडून द्यायचं. मी हे केलं नव्हतं. भाचीसाठी शिवलेल्या पहिल्या दुपट्यातली लाल साडी पहिल्याच धुण्यात पाझरली आणि पांढरे चौकोन कायमचे गुलाबी झाले. बहिणीने ते तसंच वापरलं, पण मला ते बघवत नव्हतं.

आता बेतणं. धुतलेल्या कापडाला इस्त्री करा, काठाची घट्ट कड कापून टाका, जाड पुठ्ठ्याचा 4 इंची चौकोन करा आणि साबणाच्या झिजलेल्या चिपटीने आखा. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे शिवल्यावर चौकोन साडेतीन इंचांचा उरतो. असे 9 जोडले की साडेदहा इंचांचा एक ठोकळा होतो. आडवे 3 आणि उभे 4 असे 12 ठोकळे जोडले की साधारण 31 बाय 42 इंचांचं दुपटं. म्हणजे एकूण 108 चौकोन. आकडा मोठा वाटतो, पण कापड घड्या घालून चार पदरी कापलं तर दोन संध्याकाळी पुरतात.

यातला माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेला भाग आता येतो. चौकोन नुसते डब्यात भरू नका. 5 गडद आणि 4 फिकट अशा 9 चौकोनांची जुडी करा आणि तिला सेफ्टी पिन लावा. आमच्याकडे ही वाटणी मुलगी करते, जमिनीवर मांडून, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी यावर माझ्याशी वाद घालत. अशा 12 जुड्या झाल्या की विचार करायचं काम संपलं. पुढे जुडी उघडायची आणि शिवायचं. एका ठोकळ्याला माझ्या हाताने पाऊण तास लागतो, आणि तो तुकड्यातुकड्याने मिळाला तरी चालतो. पोहण्याच्या क्लासबाहेर वीस मिनिटं, दवाखान्यात नंबर येईपर्यंत दहा मिनिटं, रात्री मुलं झोपल्यावर पंधरा.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी भरायची. वहीएवढी, झिपवाली, कापडी. तिच्यात चार जुड्या, जास्त नाहीत. पाच सुया लोकरीच्या तुकड्यात टोचून, पांढऱ्या आणि राखाडी दोऱ्याचं एकेक रीळ, अंगुस्तान, थोड्या टाचण्या, बोथट टोकाची छोटी कात्री, आणि कातरणं टाकायला एक रिकामी डबी. राखाडी दोरा बहुतेक रंगांत मिसळून जातो, म्हणून रंगीत रिळांचं ओझं नको. सुयांमध्ये दोरा घरीच ओवून ठेवा, हातभर लांबीचा. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि दोरा पिंजतो. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या दमट हवेत सुया गंजतात आणि गंजाचा डाग कापडावरून निघत नाही. सासूबाई दर नव्या दोऱ्याला सुई एकदा केसांतून फिरवतात. तेवढ्या तेलाने सुई गंजत नाही आणि कापडातून सरसर जाते. विमानाने जाणार असाल तर कात्री मोठ्या बॅगेत टाका आणि हातातल्या पिशवीसाठी दोरे घरूनच कापून न्या.

गाडी शक्यतो दिवसाची बघा. मांडवी एक्सप्रेससारख्या गाडीत खिडकीजवळ बसलं की उजेड भरपूर मिळतो. मांडीवर एक पांढरा रुमाल पसरा, पडलेली सुई त्यावर लगेच दिसते. बोगद्यात मात्र मी हात थांबवते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, डब्यातल्या दिव्यात टाका वाकडा पडतो. तेवढ्यात पाणी प्यायचं, मुलांना लाडू द्यायचे, बोटं मोडायची. एसटीने जाणार असाल तर शिवण बाहेर काढू नका, घाटात सुई बोटात घुसते. बसमध्ये उसवायचं कामही करू नये. जाताना दोन आणि येताना दोन ठोकळे झाले तर प्रवास कारणी लागला असं मी मानते.

गावी पिशवी ओसरीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. आत खोलीत ठेवली की ती उघडत नाही. सासूबाईंना आता सुई ओवता येत नाही, ते नातू करतो. टाका मात्र त्यांचाच बारीक. त्यांच्या लहानपणी गोधड्या चैत्र-वैशाखात, शेतीची कामं नसताना, अंगणात चार-पाच जणी मिळून घालत. मृगाआधी नवी गोधडी तयार व्हायची. त्या बसल्या की मी एखादी जुडी त्यांच्यापुढे सरकवते आणि कुठलं कापड कुणाचं ते विचारून वहीत टिपते. मागच्या खेपेला एका निळ्या तुकड्यावर त्या बराच वेळ हात फिरवत राहिल्या. ते माझ्या सासऱ्यांचं पांघरूण होतं. तो चौकोन आता मधोमध लावणार आहे.

बारा ठोकळे जोडून झाले की पुढचं काम प्रवासाचं नाही. त्याला जमीन लागते. साडेपाच मीटरच्या सुती साडीतून 34 इंच रुंदीचे सहा तुकडे निघतात. एक अस्तराला, तीन आत, उरलेले पुढच्या दुपट्याला. टेबल सरकवून फरशी पुसून घ्या, थर सुरकुती न पडू देता अंथरा आणि वीतभर अंतरावर कच्चा दोरा घाला. हा तास घरच्यांना आधी सांगून मागून घ्यावा, कारण मधेच उठलं तर थर सरकतात. मग धावदोरा कडेकडेने सुरू करून चौकोनात फिरत मध्यापर्यंत न्यायचा. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकाही त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांना घडीची फुलं लावतात. मला ती फार आवडतात आणि मी आता लावते. हा धावदोरा रोज रात्री अर्धा तास, पायांवर दुपटं घेऊन. शेवटी कडेला गोट.

परतल्यावर कपड्यांची बॅग नंतर रिकामी करा. आधी या पिशवीतले झालेले ठोकळे काढा, चार नव्या जुड्या भरा, सुया ओवा आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवा. आणि सुया मोजा. पाच नेल्या होत्या, पाच परत आल्या पाहिजेत.