सेंट्रीफ्युगल स्पिनिंगने पॉलिमरचे बारीक धागे कसे काढायचे

जत्रेतलं म्हातारीचे केसवालं मशीन आठवा, तत्त्व तेच, जोरात फिरवून द्रावण बाहेर फेकायचं की त्याचे धागे होतात, इलेक्ट्रोस्पिनिंगसारखं (विजेच्या जोरावर धागे ओढायची पद्धत) हाय व्होल्टेज लागतच नाही. सुरुवात पीव्हीपी (पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, इथेनॉलमधे विरघळणारं पॉलिमर) आणि इथेनॉलने करा, गरम करायची गरज नाही. १३ लाखाच्या आसपास मॉलिक्युलर वेटचं पीव्हीपी घ्या, १८ ग्रॅम पावडर ८२ ग्रॅम इथेनॉलमधे थोडी थोडी टाकत ढवळायची, एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि मग त्या लवकर विरघळत नाहीत. बुडबुडे जाईपर्यंत झाकून ठेवा.

आता सगळा खेळ इथे आहे. द्रावण पातळ असेल तर पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतत नाहीत, धार तुटते आणि धाग्याऐवजी थेंब नाहीतर मणी मिळतात, अशावेळी लोक स्पीड वाढवत बसतात पण आधी कॉन्सन्ट्रेशन वाढवायला हवं. फार घट्ट झालं तर सुईतून बाहेरच येत नाही किंवा धागे जाड पडतात. दोन्ही बाजूंना बारीक सुई लावलेल्या रोटरमधे (मोटरवर फिरणारं भांडं) द्रावण भरा, ३००० आरपीएमपासून हळूहळू वर जा. भोवती १०-१५ सेंमीवर उभ्या सळ्यांचं रिंगण करा, धागे त्यावर अडकतात. हवा दमट असेल तर पीव्हीपी पाणी ओढतं, धागे चिकटतात, त्यामुळे पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लावाच.

रोटर बॅलन्स केल्याशिवाय आणि भक्कम झाकण लावल्याशिवाय मोटर चालू करू नका प्लीज, शिवाय इथेनॉलची वाफ पेट घेते म्हणून ठिणगी न पडणारी मोटर आणि फ्यूम हूड (वाफ ओढून बाहेर टाकणारं कपाट) पाहिजेच.